सत्कृत्यांची वही

देवळीच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात मी हजेरीपट लिहिते. बारा वर्षं झाली. रकाना कोरा दिसला की माझा हात शिवशिवतो. साहेबांना पट पूर्ण दिसला की विषय संपला. कोण खरंच आलं होतं, हे मागाहून कुणी विचारत नाही. ही अक्कल मी घरी आणली, तिथेच चुकले.

माझी आचल सहावीत. शाळेत स्काउट-गाईडमध्ये नाव घातलं आणि 'प्रवेश'चा बॅज मिळवायचाच म्हणून हट्टाला पेटली. पहिलाच बॅज तो. नियम, वचन, सलामी, सगळं मी तिच्याकडून घोकून घेतलं. दोरीच्या गाठी मात्र मला येईनात. तेव्हा ती समोरच्या धुरपता आजीकडे गेली. आजी सत्तरीपुढची, एकटी. जन्मभर कापूस वेचून त्याची गाठोडी बांधलेली. तिने खाटेच्या पायाला सुतळी बांधून दोन संध्याकाळींत सगळ्या गाठी शिकवल्या.

शिवाय बॅजसाठी एक वही असायची. रोज एक सत्कृत्य करायचं आणि त्यात लिहायचं, महिनाभर. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची, काम झालं की सोडायची. आचलचं सत्कृत्य ठरलेलं. आजी बीपीची गोळी घ्यायला विसरायची, ही जाऊन आठवणीने द्यायची. पाच मिनिटांत येते म्हणून जायची आणि तासाभराने उगवायची.

परीक्षा शनिवारी होती. सोमवारी आमच्या आचल बाईसाहेब सातव्या नियमावर अडखळल्या आणि माझं डोकं फिरलं.

"बस झालं आजी-आजी. शनिवारलोक घरातून हलाचं नाई. पाठ कर."

"अन् आजीची गोळी?"

"चार दिवस घेईल थे आपल्या हातानं."

"अन् वही?"

"वहीचं माह्याकडे लागलं."

गुरुवारी संध्याकाळी चहा पिता पिता मी वही पुढ्यात ओढली. मंगळ, बुध, गुरू, तीन दिवस कोरे. 'धुरपता आजीला गोळी दिली.' 'आजीला पाणी भरून दिले.' 'आजीची विचारपूस केली.' आचलसारखं गोल अक्षर काढलं. हात लागलाच होता, म्हणून शुक्रवारही पुन्हा गोळीचंच लिहून भरून टाकला.

"आई, मी तं गेलीच नाई," आचल म्हणाली. "अन् शुक्रवार तं अजून उगवला बी नाई."

"मंग का झालं? एरवी जातच होती ना तू?"

"गाईड विश्वासू असते. पहिला नियम आहे."

"पाठ आहे ना? मंग बस."

मी हसले. ती हसली नाही. शुक्रवारी सकाळी तिने स्कार्फला गाठ मारली. संध्याकाळी ती तशीच होती. मी पाहिली आणि कणीक मळायला घेतली.

शनिवारी शाळेत मयुरी मॅडमनी, म्हणजे त्यांच्या गाईडच्या शिक्षिकेने, सगळ्या मुलींसमोर आचलच्याच वहीचं पान वाचलं. 'शुक्रवार. धुरपता आजीला गोळी दिली.' टाळ्या पडल्या. बॅज लावून घेताना आचल खाली बघत होती. मला वाटलं, पोरगी लाजतेय. मी तर फुलून गेले होते, खोटं कशाला सांगू.

घरी आलो तर समोर गर्दी. आजी खाटेजवळ जमिनीवर गेलेली. दाराला कडीसुद्धा नव्हती, नुसतं लोटलेलं. दूधवाल्याने हाका मारल्या तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, पहाटे गेली असावी. पडली कधी ते सांगता येत नाही, पण पडल्यावर बराच वेळ जीव होता. खाटेच्या पायाला सुतळीची गाठ अजून होती. फळीवर गोळ्यांची पट्टी होती, सोमवारी आचलने ठेवली तशी, त्यानंतरची एकही फोडलेली नाही. बायका रडत होत्या. मी ती पट्टी उचलून पर्समध्ये टाकली. त्या क्षणी माझी मलाच किळस आली, तरी टाकली.

संध्याकाळी नागपूरहून आजीचा मुलगा प्रेमदास आला. शेजारच्या तानाबाईची नात आचलच्याच वर्गात. तानाबाई त्याला म्हणाली, "हे पोरगी रोज जाये तुह्या मायकडे. काल बी गोळी देली. आज शाळेत वाचून दाखोलं."

प्रेमदास आचलपुढे उकिडवा बसला. "काल बोलली का वं बाई माय? का म्हणे?"

आचलने माझ्याकडे पाहिलं. मनात म्हटलं, सांगून टाक, होऊ दे माझी शोभा. पण माझं स्वतःचं तोंड उघडलं नाही.

"बरी होती," आचल म्हणाली. "तुमची आठवण काढली. पोळी खाल्ली."

जराही अडखळली नाही. पोळीचं तर मीही लिहिलं नव्हतं. प्रेमदासने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हमसून रडला.

घरी आल्यावर तिने बॅज काढून टेबलावर ठेवला. स्कार्फच्या टोकाला शुक्रवारची गाठ तशीच होती. मग वही उघडून माझ्यापुढे सरकवली. शनिवार कोरा होता. पेनचं टोपण काढून तिने पेन माझ्या हातात दिला.

"भर," ती म्हणाली. "तुले जमते."