न झिजलेली कड

माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. कंबर आत घेणं, कॉलर उलटवणं, चेन बदलणं, असली कामं. गिऱ्हाइकाने शर्ट टेबलावर टाकला की तो कुठे विरलाय ते बघून मी माणूस कसा बसतो ते सांगते. डावं कोपर गेलं असेल तर हा टेबलावर रेलून दिवस काढतो. खिशाची कड गेली असेल तर हात सारखा खिशात, म्हणजे स्वभाव बुजरा. गिऱ्हाइकं चाट पडतात आणि मला बरं वाटतं. या हुशारीची मला फार घमेंड होती. आता नाही. घरातल्या माणसाचे टायर माझ्या डोळ्यांदेखत झिजत होते आणि मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

घरातला माणूस म्हणजे आमचे हे. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतात. पन्नाशी उलटल्यावर यांनी मोठी मोटरसायकल घेतली. लांबच्या प्रवासाचीही आणि वेगाचीही, असा तिचा दोन्हीकडून तोरा. दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे वारा अडवायला काच. लोकांना म्हातारचळ लागतो, आमच्याकडे तो दोन चाकांवर आला, असं मी शेजारणीला सांगितलं होतं. शेजारीण हसली, म्हणून मग दुकानातही सांगितलं.

रविवारी त्यांची टोळी निघते. टोळीचा म्होरक्या फर्निचर विकतो, पण सगळे त्याला कॅप्टन म्हणतात आणि तोही ओ देतो. दुसरा एक दातांचा डॉक्टर, आणि आणखी दोघं-तिघं. डोंगरातल्या खिंडीपर्यंत जायचं, वरच्या टपरीवर चहा प्यायचा, परत यायचं. परत आल्यावर मी विचारायची, "कसं झालं?" हे म्हणायचे, "मस्त." माझी चौकशी तिथे संपायची. मी स्वतः फक्त सपाट हमरस्त्याने, मुलीच्या गावी जायचं असेल तेव्हाच मागे बसते.

टायर बदलायची वेळ आली तेव्हा यांनी महिनाभर अभ्यास केला. मुलीचं कॉलेज निवडताना एवढा केला नव्हता. जेवताना ताटाच्या कडेला बोटाने खाचा काढून मला दाखवायचे. "हे बघ, पाणी असं बाजूला फेकलं जातं." मी म्हणायची, "भाजी वाढू का?" शेवटी त्यांचं ठरलं. मधोमध कडक रबर, कडांना मऊ, ओल्या रस्त्यावर पकड चांगली, सामान आणि मागचा माणूस असला तरी डगमगत नाही, आणि टिकतो भरपूर. टूरिंगचा टायर. शनिवारी दुकानात मी सोबत गेले. हे शर्ट घ्यायला गेले तरी अर्धा तास घोळ घालतात, म्हणून.

टायरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. छतापर्यंत टायर रचलेले, रबराचा वास थेट घशात. गाडी स्टँडवर चढवून ठेवली होती. टायरवाल्याने विचारलं, "मागे कोण बसतं?" यांनी माझ्याकडे बोट केलं. बाजूला काढून ठेवलेल्या टूरिंगच्या जोडीवर यांनी हात ठेवला होता. मी कापड पसंत पडलं की ठेवते तसाच.

तेवढ्यात कॅप्टन आला, सोबत डॉक्टर आणि बाकीची मंडळी. कोणाच्या तरी गाडीची चेन बघायची होती. कॅप्टन आमच्या गाडीच्या मागच्या टायरपाशी उकिडवा बसला आणि त्याने दोन बोटं आडवी लावली.

"अरे बापरे! या, या, बघा सगळ्यांनी. दोन बोटं!"

मला काही कळेना. डॉक्टरने समजावलं. वळणावर गाडी जेवढी झुकते तेवढी टायरची कड झिजते. जो झुकवायला घाबरतो त्याचा टायर मधोमध सपाट होतो आणि दोन्ही कडांना कोऱ्या रबराची पट्टी शिल्लक राहते. टोळीत तिला भित्र्याची पट्टी म्हणतात.

"साहेब, मधला टायर बदला फक्त," कॅप्टन म्हणाला. "कडा शोरूमला परत करा. हातसुद्धा लागलेला नाही."

सगळे खिदळले. हेही हसले, थोडंसं. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनी काय म्हणतात, असं. मला कोणी असं बघितलं की राहवत नाही, हा माझा दुर्गुण.

मी म्हटलं, "अहो, वळण आलं की हे खाली उतरतात, गाडी हाताने वळवून घेतात आणि मग परत बसतात!"

डॉक्टरला ठसका लागला. कॅप्टनने टायरवर थाप मारून दाद दिली. टायरवालाही तोंड फिरवून हसला. मला खरं सांगायचं तर फार मजा वाटली. एवढ्या पुरुषांना मी एका वाक्यात लोळवलं होतं.

यांचे कान लाल झाले होते. टूरिंगच्या टायरवरचा हात त्यांनी काढून घेतला.

"मऊवाले द्या," ते टायरवाल्याला म्हणाले. "स्पोर्टचे."

"साहेब, ते लवकर जातील. आणि तुम्ही तर सामान घेऊन..."

"तेच द्या."

"आता कशी जमली!" कॅप्टन म्हणाला. "उद्या वरच्या टपरीवर बघतो कडा."

टायरवाल्याने जोडी चढवली, हवा भरली आणि बजावलं, की नव्या टायरवर चकाकी असते, पहिले शंभरेक किलोमीटर जपून चालवा. घरी आल्यावर यांनी चहाही नको म्हटला. मी मनात म्हटलं, फुगलेत, उतरेल.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. यांचा फोन घरातच राहिला होता, म्हणून मी तो घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. खांबामागे गाडी होती आणि तिच्याजवळ हे जमिनीवर बसले होते. हातात पॉलिश पेपर. नव्याकोऱ्या टायरची कड घासत होते. गुडघ्यांवर काळा चुरा पडला होता. टायरवर गोल फिरवून एक निळी रेघ मारलेली होती, कुठपर्यंत घासायचं त्याची. ती रेघ माझ्या खडूची होती. कापडावर खुणा करायचा माझा खडू, दुकानाच्या डब्यातून आणलेला.

मी मुलीला म्हटलं, "नंतर करते," आणि फोन ठेवला.

"काय चाललंय हे?"

ते दचकले. "काही नाही. चकाकी काढतोय. नवीन टायर घसरतो."

"चकाकी काय फक्त कडांनाच असते?"

मला त्यांची लाज वाटली. अगदी आतून वाटली. कामावरून निवृत्त व्हायला आलेला माणूस, जमिनीवर बसून, मित्रांना दाखवायला टायर घासतोय. कोणी शेजारी आला असता तर मी लांबूनच परत फिरले असते.

"अहो, लहान आहात का तुम्ही? एवढ्या हौसेने गाडी घेतली, मग झुकवा की जरा वळणावर! सगळी दुनिया झुकवते."

त्यांनी मान वर करून पाहिलं. रागाने नाही. नकाशात रेघ चुकली की बघतात तसं.

"झुकवणार नाही असं तुला कबूल केलंय ना."

"मला? कधी?"

"खिंडीत. गाडी घेतली तेव्हा."

मग आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरले कधी तेच आठवेना. गाडी नवीन होती, हे मला खिंड दाखवायला घेऊन गेले होते. एका वळणावर गाडी कलली आणि माझ्या गुडघ्याखालून रस्ता पळताना दिसला. मी किंचाळले. गाडी थांबवायला लावली, खाली उतरले आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून चालू लागले. हे गाडी ढकलत माझ्यामागे, अगं थांब, अगं थांब. पुढच्या मैलाच्या दगडापाशी मी वळून म्हटलं होतं, पुन्हा कधी अशी झुकवायची नाही. मी मागे असले तरी आणि नसले तरी. शब्द द्या. यांनी दिला. मी परत मागे बसले, आणि घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच काही सुरू झालं होतं.

"तुम्ही एकटे असतानाही?" मी विचारलं.

"मागे नसले तरी, म्हणाली होतीस ना तू."

"म्हणून तुम्ही..."

"मी सगळ्यांच्या मागे असतो. वर पोचतो तोवर त्यांचा चहा संपलेला असतो." त्यांनी पॉलिश पेपरची घडी उलटी केली. "त्याचं काही नाही. पण आज तू पण हसलीस."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. पार्किंगची जमीन सिमेंटची होती, ती कशाला दुभंगते. मी फोन हातात धरून उभी राहिले. इतके रविवार हा माणूस प्रत्येक वळणावर माझा शब्द पाळत, एकटा, सगळ्यांच्या मागून येत होता आणि मी शेजारणीला हसवत होते. आजही त्याला शब्द मोडायचा नव्हता, म्हणून तो टायर घासत होता. मघाशी त्यांची वाटलेली लाज आता माझ्या अंगावर आली आणि कुठे ठेवावी ते कळेना.

"टायर परत देऊ," मी म्हटलं. "तुमच्या पसंतीचे आणू."

"घासलेला टायर कोण परत घेतो?"

ते बरोबरच होतं. मी म्हटलं, "उद्या मी पण येते." ते नको म्हणाले. मी हट्टाला पेटले की ते दुसऱ्यांदा नको म्हणत नाहीत.

रविवारी टोळी पुढे गेली आणि आम्ही मागून, प्रत्येक वळणावर हळू, गाडी सरळ उभी ठेवून. मी रस्ताभर ठरवत होते. वर गेल्यावर सगळ्यांसमोर सांगायचं. घासलं ते मी, आणि ती पट्टी होती तीही माझ्यामुळेच. काल हसले त्याच तोंडाने सांगायचं.

टपरीवर पोचलो तेव्हा खरोखरच सगळ्यांचे ग्लास रिकामे होते. कॅप्टन थेट मागच्या टायरकडे गेला. वाकला, बोट फिरवलं आणि उभा राहून त्याने टाळ्या वाजवल्या.

"मानलं साहेब! कडेपर्यंत! वहिनी मागे असून!"

बाकीच्यांनीही टाळ्या वाजवल्या. डॉक्टरने यांच्या पाठीवर थाप मारली. हे बुटांकडे बघत होते. त्या टाळ्यांनी ते कालच्या हसण्यापेक्षाही जास्त आक्रसले.

"खोटं आहे ते," मी म्हटलं. "पॉलिश पेपरने घासलंय. मी घासलं."

टाळ्या थांबल्या. यांनी मान वर केली.

"तिने नाही," ते म्हणाले. "मी घासलं. ती फक्त फोन द्यायला खाली आली होती."

नकाशावाला माणूस. स्वतःसाठीसुद्धा चुकीची नोंद चालत नाही.

मग जे हसू फुटलं ते मी कधी विसरणार नाही. कॅप्टन बाकावर कोसळला. "पॉलिश पेपर! अरे देवा, पॉलिश पेपर!" मी बोलत होते. "अहो ऐका, मी यांच्याकडून शब्द घेतला होता, ती पट्टी माझी आहे, माझ्या भीतीची आहे..." पण काल माझ्या एका वाक्यावर कान टवकारणारी तीच माणसं आज ऐकायला तयार नव्हती. डॉक्टर डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, तुम्ही कमाल आहात." त्याला वाटलं, हाही माझा विनोदच.

ऐकलं फक्त यांनी. त्यांनी चहा प्यायला, माझा ग्लास धुवून ठेवला आणि म्हणाले, "निघूया?"

टोळी वर सोडून आम्ही उतरायला लागलो. मीटरकडे बघून ते म्हणाले, "शंभर झाले. चकाकी गेली असेल आता." नुसतं सांगितलं, मागितलं काही नाही.

तेव्हा मी पक्कं केलं. पुढच्या वळणाला त्यांच्या कानाशी वाकायचं आणि म्हणायचं, तुम्हाला मोकळं केलं. झुकवा. एकदा तरी झुकवा. शब्द जिभेवर होते. रस्ता मोकळा होता, कोरडा होता, ऊन होतं. वळण दिसलं. मी वाकले. तोंड उघडलं.

आणि माझ्या दोन्ही मुठींनी त्यांचं जॅकेट घट्ट धरलं. मी धरलं नाही, मुठींनी धरलं.

त्यांनी वेग कमी केला. गाडी सरळ उभी, सावकाश, वळण पार करून गेली. डाव्या हाताने त्यांनी माझ्या मुठीवर दोनदा थोपटलं आणि पुन्हा हँडल धरलं.