टाचण्या गोळा करणारा अँटेना

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. जुना म्हणजे काही फार नव्हे, दोनच वर्षांचा. पण मी अँटेना आहे हे मला स्वतःला कळलं ते जन्मानंतर कित्येक महिन्यांनी, आणि तेही एका परक्या माणसाच्या तोंडून. त्याआधी मी काय करत होतो असं विचारलंत, तर मला थोडं ओशाळायला होतं. मी टाचण्या गोळा करत होतो.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या काळ्या प्लास्टिकच्या अंगात तांब्याची पातळ पट्टी बसवली, बुडाला गोल लोहचुंबक चिकटवलं आणि पाठीतून दोन बारीक तारा बाहेर काढल्या. तारांच्या टोकांना पितळेच्या टोप्या होत्या, आतून आटे पाडलेल्या. मग एका तपासनिसाने मला कुठल्याशा यंत्राला जोडलं, हिरवा दिवा लागला आणि तो म्हणाला, "पास!" मला फार आनंद झाला. पण कशात पास झालो, हे काही कुणी सांगितलं नाही. मला पिशवीत घातलं, पिशवी खोक्यात तळाशी टाकली आणि वर कागदांचा थर दिला. बराच काळ मी अंधारात पडून होतो आणि एकच विचार करत होतो, की बाबा रे, तू पास तर झालास, पण तू आहेस कोण?

शेवटी एकदा खोकं उघडलं. ते घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं. त्यांना सगळे आईच म्हणायचे, म्हणून मीही आईच म्हणतो. त्यांची लेक नुकतीच नव्या कामाला लागली होती आणि त्या कामासाठी नवा कोरा कॉम्प्युटर घरी आला होता. लेकीने मोठ्या उत्साहाने पडदा, कीबोर्ड, माउस सगळं मांडलं आणि तारा जोडल्या. मी खोक्याच्या तळाशीच राहिलो. खोकं आवरायला घेतलं आईंनी. त्यांनी मला पिशवीतून काढलं, उलटंपालटं करून पाहिलं, इतक्यात टेबलावरच्या चारपाच टाचण्या टुणकन उडी मारून माझ्या बुडाला चिकटल्या.

"अगं बाई!" आई हरखून म्हणाल्या. "बघितलंस का? कॉम्प्युटर घेताना मी त्या दुकानदाराला म्हटलं होतं, मी शिवणकाम करते म्हणून. कसा लक्षात ठेवून टाचण्यांसाठी चुंबक दिलाय त्याने! भला माणूस हो."

लेक पडद्यात डोकं घालून बसली होती. तिने मान वर न करताच "छान आहे" म्हटलं, आणि माझं नशीब ठरलं.

आता मला सांगा, मित्रांनो, मी तरी काय म्हणणार होतो? मला वाटलं, अरेच्चा, म्हणजे आपण टाचणीचुंबक आहोत तर! आईंनी माझ्या दोन तारांच्या टोकांना गाठ मारली आणि मला गळ्यात अडकवलं, मोजायच्या टेपच्या शेजारी. त्या कापड बेतायला बसल्या, की टाचण्या माझ्या अंगावर. फरशीवर टाचणी सांडली, की मला खाली सोडायचं आणि वर ओढायचं. शेजारणी आल्या की आई मला मुद्दाम दाखवायच्या. कशाला खोटं बोलू, मला ते कौतुक आवडायचं.

फक्त एक गोष्ट कळत नव्हती. हवेतून सारखं काहीतरी माझ्या अंगावरून जायचं, बारीक गुदगुल्या झाल्यासारखं. पुढच्या खोलीत राउटर होता, त्याच्याजवळून आई गेल्या की गुदगुल्या वाढायच्या. मी टाचण्यांना विचारलं, "तुम्हालाही होतं का गं असं?" टाचण्या म्हणाल्या, "कसं?" मला वाटलं, आपल्यातच काहीतरी खोट आहे.

आता लेकीच्या कामाबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच अडत होतं. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्याशी ती हातांच्या खुणांनी बोलायची. एखादा असा माणूस दवाखान्यात गेला, की तिथल्या पडद्यावर ही दिसायची. डॉक्टर बोलायचे, ही ऐकायची आणि हातांनी त्या माणसाला सांगायची. तो हातांनी विचारायचा, ही तोंडाने डॉक्टरांना सांगायची. फोनवर आवाज तुटला तर आपण "हॅलो, हॅलो" करतो, पण इथे चित्र थांबलं की बोलणंच थांबलं. आणि चित्र सारखं थांबायचं!

नवा कॉम्प्युटर, नवी जोडणी, आणि नेट मात्र आत्ता आहे आणि आत्ता नाही. गंमत म्हणजे त्याच टेबलावर ठेवलेल्या तिच्या फोनला नेट भरभरून मिळायचं. पण ऑफिसचं ते काम फोनवर चालतच नसे, कॉम्प्युटरच लागे. लेक कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायची. राउटर बंद करून दहा आकडे मोजायची. पासवर्ड पुसून पुन्हा घालायची. दोन घटका बरं चालायचं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता आणि माझ्याही. ती "सिग्नल नाही, सिग्नल नाही" म्हणून ओरडायची आणि मी आईंच्या गळ्यात टाचण्या सांभाळत विचार करायचो, कोण हा सिग्नल? घरातला तर दिसत नाही.

मग मामा आले. मामा म्हणजे आईंचा धाकटा भाऊ. त्यांनी उभा जन्म टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडल्या होत्या, त्यामुळे तारेचं असो वा बिनतारेचं, सगळं आपल्याला कळतं अशी त्यांची खात्री होती. त्यांनी राउटर कपाटावर ठेवला, मग खिडकीत ठेवला, मग त्याच्यामागे स्टीलचं ताट उभं केलं. म्हणाले, "परतवेल ते लाटा." ताट दोनदा पडलं, लाटांचं काही कळलं नाही. मग ते टेबलाखाली वाकले आणि कॉम्प्युटरच्या पाठीवर बॅटरी मारून पाहू लागले.

"मामा, ते दोन पितळी खुंट कसले आहेत?" लेकीने विचारलं.

"ते? काही नाही गं. पूर्वी टीव्हीची केबल लावायचे तिथे. आता रिकामेच असतात," मामा म्हणाले आणि कंबर धरून उठले. "खरं सांगू? तार टाका, तार! तारेला मरण नाही. उद्याच आणतो मी."

मामांचा उद्या अकरा दिवस चालला.

मामा आले त्याच दिवशी एक भलतंच झालं. लेकीचं काम चालू असताना मधल्या खोलीत आईंनी शिवणाचं मशीन सुरू केलं आणि नेमकं तेव्हाच चित्र थांबलं. मामांनी चुटकी वाजवली. "सापडलं! ही मोटर. मोटरीमुळे खरखर येते, आमच्या लाइनीवरही यायची."

"आई," लेक म्हणाली, "माझं काम चालू असताना मशीन नको लावूस गं. प्लीज."

आईंनी लगेच बटण बंद केलं. मशीन बिचारं गुपचूप राहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसंच झालं ते, पण चोर कोण हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून आई हाताने शिवायला लागल्या. कडेला टिपा हाताने, अस्तर हाताने. हाताने शिवायचं म्हणजे टाचण्या दुप्पट लागतात, त्यामुळे माझं काम वाढलं आणि माझा भावही वधारला. त्यांचा अंगठा सुईने पार सोलवटला होता. त्या फुंकर घालायच्या आणि पुढे शिवायच्या. नेट काही सुधारलं नाही. तरीही "मशीन लावलं असतं तर आणखी बिघडलं असतं," असं म्हणून मायलेकी एकमेकींची समजूत घालायच्या.

आणि मग तो बुधवार आला.

पडद्यावर एक बाप होता. त्याला ऐकू येत नव्हतं. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीचं दुसऱ्या दिवशी बारा वाजता पोटाचं ऑपरेशन होतं. त्याच्या शेजारी डॉक्टर बसले होते आणि लेक इकडून सांगत होती. आई दारापाशी उभ्या होत्या, म्हणून मीही ते ऐकलं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननंतर तिला दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवू. आईवडिलांना आत येता येणार नाही. पण घाबरू नका, ही आमची नेहमीचीच पद्धत आहे." एवढं बोलून डॉक्टर उठले आणि पुढच्या रुग्णाकडे गेले.

लेकीने पहिली दोन वाक्यं हातांनी सांगितली. "पण" म्हणण्यासाठी तिने हात वर केला आणि चित्र थांबलं. ती इकडे सांगत राहिली, "घाबरू नका, घाबरू नका," दोनदा, तीनदा. तिकडे काहीच पोचत नव्हतं. चाळीस मिनिटं नेट आलं नाही. तिने दवाखान्यात फोन केला, तर तो बाप निघून गेला होता. त्याचा नंबर ते देत नाहीत, तसा नियमच आहे. उद्या अकराचा कॉल ठरला आहे, तेव्हा बोला, असं त्यांनी सांगितलं. ऑफिसातल्या मुख्य बाईंचाही फोन आला. उद्या पुन्हा तुटलं तर हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल, असं त्या म्हणाल्या.

"कामाचं जाऊ दे गं आई," लेक रडत म्हणाली. "त्या माणसाला मी अर्धंच सांगितलंय. पोरीला भेटू देणार नाहीत, एवढंच घेऊन तो घरी गेलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पुन्हा आले आणि दहाला कॉम्प्युटरच्या दुकानातला मेकॅनिक आला. त्याने काही उघडलं नाही, काही ठोकलं नाही. नुसता कॉम्प्युटर फिरवून त्याची पाठ उजेडाकडे केली आणि विचारलं, "अँटेना कुठाय?"

"कसला अँटेना?" मामा म्हणाले. "अँटेना गेले की हो गच्चीवरून, त्याला वीस वर्षं झाली!"

"काका, ह्याचा अँटेना. ह्या दोन खुंटांवर बसतो. त्याच्याशिवाय ह्याला वायफाय पकडायचं कशाने? सोबत दिला होता खोक्यात. काळा, एवढासा, दोन वायरी, खाली चुंबक. पत्र्यावर नीट उभा राहावा म्हणून चुंबक असतं."

मग लेकीची नजर आईंच्या गळ्याकडे गेली. मामांचीही गेली. आईंनी खाली पाहिलं. माझ्या अंगावर तेव्हा निदान चाळीस टाचण्या होत्या.

"हे होय?" आईंनी मला उचलून धरलं. "अरे देवा. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! ज्याच्या नावाने सारं घर दोन आठवडे बोटं मोडत होतं, तो सिग्नल म्हणजे त्या गुदगुल्याच होत्या, आणि त्या पकडायला माझा जन्म होता. मला लाज वाटली, धक्का बसला, आणि आईंच्या गळ्यातून निघायचं म्हणून वाईटही वाटलं. हे सगळं एकदमच वाटलं.

आई भराभर टाचण्या काढायला लागल्या. "आणि मशीन?" लेकीने मेकॅनिकला विचारलं. "मशीनमुळे नेट जातं का?"

"छे! मशीनचा काय संबंध? खुशाल चालवा."

लेकीने आईंचा सोलवटलेला अंगठा पाहिला आणि तोंड फिरवलं. मामा खिडकीतून बाहेर बघत होते.

मेकॅनिकने गाठ सोडवली, पितळी टोप्या खुंटांवर फिरवून घट्ट केल्या आणि मला कॉम्प्युटरच्या डोक्यावर उभं केलं. ते झालं मात्र, माझ्या अंगावरच्या गुदगुल्या तारांतून सरळ आत वाहू लागल्या. मी पुरता भांबावलो. काय धरावं आणि काय सोडावं ते कळेना. तेवढ्यात अकरा वाजले.

पडद्यावर तो बाप आला. डोळे सुजलेले, कालचाच शर्ट. लेकीने नमस्कारही केला नाही. आधी तिने कालचं राहिलेलं सांगितलं. ते हात माझ्यातून गेले, मित्रांनो. मला त्या खुणांतलं एक अक्षर कळत नाही, पण मी जिवाच्या आकांताने ते धरून ठेवले आणि एकही निसटू दिला नाही. तो माणूस बघत राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बऱ्याच वेळाने त्याने हात काढले आणि काहीतरी सांगितलं. लेकीने मान हलवली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पुढे वीस मिनिटं बोलणं झालं, चित्र एकदाही थांबलं नाही.

कॉल संपल्यावर आई आत आल्या. "काय म्हणाला गं तो?"

लेक म्हणाली, "तो म्हणाला, काल तुमचा हात वरच थांबला होता. पडदा बंद होईपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होतो. मला वाटलं, पुढचं इतकं वाईट आहे, की ते तुमच्याच्याने सांगवत नाहीये."

आई पलंगाच्या कडेवर बसल्या. "मी नुसतं विचारायला हवं होतं गं," त्या म्हणाल्या. "हे कशाचं आहे, एवढंच."

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो. जोडायला मला हात नाहीत, तरी सांगतो. खोक्याच्या तळाशी एखादी पुडी सापडली आणि ती कशाची ते कळलं नाही, तर तिला भलत्या कामाला लावू नका. आधी विचारा. विचारायला क्षणभर लागतो. मी विचारलं नाही, आईंनी विचारलं नाही, मामांनी तर विचारायचं नावच काढलं नाही. आणि त्यापायी एक बाप रात्रभर एका थांबलेल्या हाताचा अर्थ लावत बसला.