सात नंबरच्या बोटीचा हुक

मित्रांनो, मी एक जुने प्रवासी जहाज आहे. सध्या चिखलात रुतून बसले आहे आणि कामगार मला रोज थोडे थोडे कापून नेतात. त्याबद्दल हळहळू नका. तुमच्या हळहळीचा मला वीट आला आहे.

माझी मापे हवीत ना? घ्या. लांबी तीनशे मीटर, मजले सोळा, प्रवासी चार हजार आणि त्यांची उष्टी काढायला दीड हजार माणसे. मला बांधायला तीन वर्षे लागली. पाण्यात उतरले तेव्हा टाळ्या वाजल्या. पुढची बावीस वर्षे लोक आले, खाऊन खाऊन सुस्त झाले आणि माझ्यावरच्या पोहण्याच्या तलावाचे पाणी गार आहे म्हणून गळे काढत परत गेले. माझ्या दोन्ही बाजूंना मिळून अठरा जीवरक्षक बोटी टांगलेल्या होत्या, प्रत्येक बोट पुढच्या आणि मागच्या अशा दोन हुकांवर. फोटोत मधे येतात म्हणून त्यांना पाहून सगळे नाक मुरडत.

त्या बोटींची काळजी एकट्या बोटमिस्त्रीला होती. त्याची बायको माझ्याच तळमजल्यावर धोबीखान्यात चादरी इस्त्री करायची.

कंपनीचे तपासनीस येणार म्हटले की आमच्या बड्या अधिकाऱ्याला एकच गोष्ट सुचे, रंग. गंज न घासता त्यावर पांढरा रंग फासायचा.

“साहेब, हुकांना रंग नको,” मिस्त्री म्हणाला. “खाचेत रंग सुकला की हुक नीट मिटत नाही. दोन दिवस द्या, घासून ग्रीस लावतो.”

“दोन दिवस कुठून आणू? परवा माणसं येतायत. बोटी चकाचक दिसल्या पाहिजेत.”

रंग लागला. तपासनिसांनी सात नंबरची बोट पाण्यात सोडून परत वर घ्यायला सांगितली. मिस्त्रीने सकाळपासून चाकूने पुढच्या हुकातला रंग खरवडला होता. मागचा राहिला होता.

“दुसऱ्या कुणाला बसवू नका,” तो म्हणाला. “मीच बसतो.”

बोट खाली गेली, पाण्यात हुक सोडले आणि पुन्हा अडकवले. वर येताना मागचा हुक मिटल्यासारखा दिसला, पण मिटला नव्हता. पाचव्या मजल्याच्या उंचीवर तो सुटला. बोटीची मागची बाजू कोसळली आणि मिस्त्री माझ्या पोलादी अंगावर आपटून पाण्यात पडला. त्याला बाहेर काढले तेव्हा तो गेला होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी विचारले, जेवायला उशीर होणार का? तो आवाज मी विसरलेले नाही.

संध्याकाळी अधिकारी धोबीखान्यात कागद घेऊन गेला. मिस्त्रीच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, असे त्यात लिहिले होते. बायकोने तो दोनदा वाचला.

“त्यांनी दोन दिवस मागितले होते. ते कुठे लिहिलंय?”

“बाई, ते तोंडी होतं.”

“मग मीपण तोंडीच सांगते. सही करणार नाही.”

पुढच्या बंदरात ती एक पिशवी घेऊन उतरली. त्याच दुपारी सात नंबरच्या बोटीला पुन्हा रंग लागला.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असे गोड बोलून मी तुम्हाला सोडणार नाही. माझी निगा रंगाचे डबेच्या डबे ओतून राखली गेली. ज्याला काम कळते तो वेळ मागेल तेव्हा त्याला वेळ द्या. देणार नसाल, तर त्या बोटीत स्वतः बसा.