पत्र्याचं डबडं

लगेचराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. फर्निचरच्या कारखान्यात कुणी काही काम सांगितलं, की हा सुतार मान वर न करता "लगेच करतो" म्हणायचा आणि खरंच करून मोकळा व्हायचा, म्हणून पडलेलं नाव. कारखाना बंद पडला, नाव तेवढं राहिलं. त्याच कारखान्यात एक मुलगी पॉलिशचं काम करायची. तिच्या हाताखालून गेलेली फळी दिसली, की गिऱ्हाईक आधी त्या फळीवरून हात फिरवायचं आणि मग भाव विचारायचं. लगेचरावाने तिच्याशी लग्नही असंच घाईघाईत उरकलं. घाईत केलेलं हे एक काम मात्र झकास जमलं होतं.

आता दोघांनी मिळून दुकान काढायचं ठरवलं. याने लाकूड कापायचं, तासायचं, तिने पॉलिश करायचं. खरी कमाई तिच्या हातात होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. एका गॅरेजच्या मागची शेड भाड्याने मिळाली. राहता राहिलं यंत्र. नवं घ्यायची ऐपत कुणाची? एका वारलेल्या सुताराच्या घरी जुनं यंत्र विकायला काढलंय असं कानावर आलं आणि स्वारी बायकोला घेऊन तिथे हजर झाली.

यंत्र बघून लगेचरावाच्या तोंडाला पाणी सुटलं. एकाच लोखंडी धडावर करवत, रंधा, सगळं काही. रंध्याचा फिरता दांडा आरपार जाऊन मागच्या बाजूने बाहेर निघत होता. त्या टोकाच्या चकात, म्हणजे लोखंडी पकडीत, गिरमिटासारखं बिट आवळलं की चौकटींना खोबणी पाडता येतात. पण ते टोकच मेलेल्या माणसाने तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून बंद करून टाकलं होतं, आणि वर ती बाजू भिंतीला चिकटवून ठेवली होती. एवढं चांगलं यंत्र आणि अर्धं मुकं करून ठेवलेलं. सुतार होता की कोण, असं लगेचरावाला वाटलं.

"सगळं न्या, पण तेवढं डबडं काढू नका," वारलेल्या सुताराची बायको म्हणाली.

"का हो, काकू?"

"ह्यांनी बसवलंय ते. राहू द्या." एवढं बोलून तिने आतल्या दाराकडे पाहिलं.

आतून तिची मुलगी पाणी घेऊन आली. डाव्या हातात पेला, उजवा हात स्वेटरच्या खिशात.

परतताना लगेचरावाने नाक मुरडलंच. "पोरीला काही वळण नाही. एक हात खिशात घालून पाणी देते. राणीसाहेबच."

"तुमची तहान भागली ना? मग झालं." बायको म्हणाली. "आणि त्या डबड्याचं काय?"

"अगं, नवऱ्याची आठवण. उद्या मी गेलो तर तू माझी विडीची थोटकंसुद्धा जपून ठेवशील."

"पेटवून देईन."

यंत्र शेडमध्ये आलं. दोघांनी रॉकेलने गंज घासला, पायांखाली पाचरी ठोकून ते समतल केलं, नवा पट्टा चढवला, रंध्याची पाती धार लावून आणली. पहिल्यांदा बटण दाबलं तर मोटर उलटीच फिरायला लागली. वायरमनने दोन वायरी अदलाबदल केल्या, तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली. यंत्र भिंतीपाशी नाही, शेडच्या मधोमध ठेवलं, म्हणजे चारी बाजूंनी काम करता येईल. आणि मग लगेचरावाने छिन्नी घेऊन ते डबडं उचकटलं. बायको म्हणाली होती, राहू द्या ना. त्याने ऐकलं नाही. आतला चक अजून चकचकीत निघाला, तेव्हा तर तो मनातल्या मनात त्या मेलेल्या सुताराला हसला.

तो काही अगदीच बावळट नव्हता. रंधा चालू केला की पलीकडचा चकही फिरतो, हे त्याने पहिल्याच दिवशी पाहिलं. दांडा एकच, तो दोन्हीकडे फिरणारच. म्हणून त्याने नियम केला, रंधा लावायच्या आधी चकातलं बिट काढायचं. बायकोलाही बजावून सांगितलं. सुरुवातीला तो विसरला की तीच पलीकडून ओरडायची, "बिट!" आणि तो जीभ चावून चकाची किल्ली शोधायला लागायचा.

मग एका लॉजच्या खिडक्यांच्या चौकटींचं काम आलं. दुकानाचं पहिलं मोठं काम. एक फळी तासायची, खोबण पाडायची, परत दुसरी तासायची. दर वेळी बिट काढा, दर वेळी घाला. किल्ली भुश्यात हरवायची ती वेगळीच. शेवटी लगेचराव वैतागला. आता लगेच परत घालायचंच आहे, काढून काय करू? एकदा नाही काढलं, काही झालं नाही. दुसऱ्यांदाही काही झालं नाही. बायको एकदोनदा बोलली, मग तीही सरावली. माणूस सरावतो, दुसरं काय.

त्या दुपारी थंडी होती. तिने त्याचा जुना स्वेटर घातला होता आणि बाह्या दुमडल्या होत्या. तो रंध्यावर फळी सरकवत होता. पलीकडे भुश्याचा ढीग साठला होता, तो ओढायला ती वाकली. फिरणारं बिट दिसत नाही, नुसती धुरकट रेघ दिसते. एक बाही सुटून खाली आली होती.

लाल बटण त्याने लगेच दाबलं, यात काही शंका नाही. पण मोटर बंद केली तरी दांडा आपल्या वेगाने फिरत राहतो. तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं.

उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. दवाखान्यात ती शुद्धीवर आली तेव्हा पहिल्यांदा म्हणाली, "चौकटींचं पॉलिश राहिलंय." लगेचराव बाहेर जिन्यावर जाऊन रडला.

आणि मग त्याला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, पण माणसाची जात कशी असते. तो तडक त्या सुताराच्या घरी गेला.

दार मुलीने उघडलं. कडी काढायला तिने दोन्ही हात वर नेले होते आणि खिशात घालायला तिला वेळच मिळाला नाही. लगेचराव भांडायला आला होता, पण नजर तिच्या उजव्या हातावर गेली. अंगठा नव्हता. शेजारची बोटंही नव्हती.

"सांगितलं का नाही?" मुलगी आत गेल्यावर त्याने तिच्या आईला विचारलं.

"सांगितलं होतं."

"असं नव्हे. हे... हे का नाही दाखवलं?"

"कुणी यंत्र बघायला आलं की पोरीचा हात पुढे करू?" ती म्हणाली. "बापाच्या चुकीची जाहिरात करत बसवू तिला? तुम्ही केली असती?"

मग तिनेच विचारलं, "तुमच्याकडे कुणाचा?"

"बायकोचा."

तिने डोळे मिटून घेतले.

त्यानंतर लगेचरावाला यंत्र चालवता आलं नाही. हिरव्या बटणाशी बोट न्यायचा आणि मागे घ्यायचा. विकायचं ठरलं. त्याआधी त्याने तेलाचा डबा आणला, तो कापला, ठोकून सपाट केला आणि त्या टोकावर घट्ट बसवला. सावकाश काम केलं. तासभर लागला तरी चालेल, असं पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं.

घ्यायला एक तरणाताठा सुतार आला, सोबत त्याची बायको. यंत्र त्याला पसंत पडलं. फिरत फिरत तो मागच्या बाजूला आला.

"हे डबडं काढता येईल ना?"

"ते काढू नका."

"का हो?"

लगेचरावाने खूप ठरवून ठेवलं होतं, की सगळं आपणच सांगायचं, बायकोला मध्ये आणायचं नाही. पण तोंडातून निघालं एवढंच, "मी बसवलंय. राहू द्या." तो माणूस आपल्या बायकोकडे बघून हळूच हसला. ते हसू लगेचरावाने ओळखलं.

लगेचरावाची बायको शेडच्या दारात पाणी घेऊन उभी होती. डाव्या हातात पेला, उजवा हात खिशात. तिनेही ते हसू पाहिलं होतं. ती पुढे आली, पेला यंत्रावर ठेवला. मग खिशातला हात काढून पेल्याशेजारी ठेवला.

"नीट बघा," ती म्हणाली. "ह्याच हाताने मी पॉलिश करायचे."

लगेचरावाला मान वर करता आली नाही. त्या तरण्या सुताराची बायको एक पाऊल मागे सरकली. मग वाकून त्या सुतारानेच ते डबडं दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, पक्कं बसलंय ना म्हणून.