नडगीतलं पाणी

दादाच्या नडगीत बसवलेला टायटॅनियमचा जाळीदार तुकडा आमच्याच प्रयोगशाळेत थ्रीडी प्रिंटरवर छापला होता. चाचणीसाठी त्याचा हुबेहूब जुळा माझ्या टेबलावर काचेच्या नळीत होता. जाळीतून पाणी कसं वाहतं ते बघणं हे माझं काम. छिद्रं सरळसोट असली की पाणी सुसाट निघून जातं, हाडाच्या पेशींना चिकटायला उसंत मिळत नाही. कोपरे टोकदार असले की तिथे पाणी साचतं आणि पेशी उपाशी मरतात.

त्या दुपारी दादा कुबड्या टेकत मला जेवायला न्यायला आला. मी नुकताच पंप सुरू केला होता.

"पायात गार गार वाहतंय गं," तो म्हणाला.

"एसी आहे, दादा." मी पंप बंद केला.

"थांबलं."

चेष्टेची त्याला लहानपणापासून खोड. मी त्याला पाठमोरं बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि मनाला येईल तेव्हा बटण दाबत गेले. दहाच्या दहा वेळा त्यानं बरोबर सांगितलं.

मग मी पाण्यात निळा रंग सोडला. बाकी सगळा रंग वाहून गेला. खाली डावीकडे, चौकोनी छिद्रांच्या बेचक्यात तेवढा चिकटून राहिला. मी काही विचारायच्या आतच दादानं नडगीवर बोट ठेवलं. "इथे काहीतरी अडकलंय."

जागा तीच होती.

एक्स-रे काढला. हाड जाळीत सगळीकडून शिरलं होतं, तिथे मात्र नाही. तुकडा काढावा लागला. ऑपरेशन करून बाहेर आलेल्या डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला होता.

"बसवण्याआधी यात कुठला रंग घातला होता का?"

"छे! निर्जंतुक करूनच दिला होता."

त्यांनी ट्रे पुढे केला. बेचक्यात निळं होतं.

नव्या तुकड्याची छिद्रं मी गोलसर, वळणं घेत जाणारी आखली. चाचणी फक्त संगणकावर केली. खरं पाणी सोडायचा धीर होईना. प्रयोगशाळेतले साहेब त्यावरून खूप बोलले, मी ऐकून घेतलं. सात महिन्यांत हाड भरलं.

आता दादा काठीशिवाय चालतो. परवा जिन्यात मध्येच थांबला.

"दुखतंय का रे?"

"नाही गं. अगदी शांत आहे. इतकं, की पाय आपला वाटतच नाही."

आणि तो वर चढून गेला.