कुंभदरी हजर

बोरस्ते साहेबांना माझं अक्षर फार आवडायचं. "छायाबाई, तुमच्या हातचा कागद वर गेला की परत येत नाही," असं ते म्हणायचे, आणि मी मूर्खासारखी खूश व्हायचे. त्या खुशीची आज मला शिसारी येते.

नाशिकच्या आमच्या बिनतारी कक्षात मी एकोणीस वर्षं काढली. जिल्ह्यात आमची चौदा बिनतारी ठाणी होती, पार नांदगावपासून पश्चिमेच्या डोंगरापर्यंत. रोज सकाळी आठला मी माइकवर एकेका ठाण्याचं नाव घ्यायचे आणि तिकडून उत्तर यायचं, "हजर, सर्व ठीक." याला हजेरी म्हणायचे. पूर, साथ, अडलेली बाळंतीण, जे काही असेल ते ठाण्यावरून कळलं की इथून जीप सुटायची.

सगळ्यात लांबचं ठाणं कुंभदरी, दोन डोंगरांच्या बेचक्यात. तिथला मंगळू रोजंदारीवर होता. हजेरीला उत्तर आलं नाही तर त्याचा दिवस कापला जायचा. त्याचा आवाज आमच्यापर्यंत येईतो खरखरीत बुडून जायचा, पण मध्ये घाटमाथ्याच्या ठाण्यावर सावळीराम बसायचा, त्याला मंगळू ऐकू यायचा. मग सावळीरामच आम्हाला सांगायचा, "कुंभदरी हजर, सर्व ठीक." याला आम्ही आवाज उचलणं म्हणायचो. मंगळू भाताच्या लावणीला गेलेला असला तरी सावळीराम त्याचा आवाज उचलायचा. गरिबाचा दिवस कशाला बुडवा. मी ते ओळखायचे आणि वहीत हजर लिहायचे.

अठ्ठ्याण्णव साली कर्ज आलं. एका परदेशी सरकारनं आमच्या सरकारला डिजिटल संदेश यंत्रणेसाठी दिलेलं. व्याज नावापुरतं, फेड तीस वर्षांत, त्यातली पहिली दहा वर्षं काही मागणारच नाहीत. अट एवढीच, की यंत्रं त्यांच्याच देशातल्या कंपनीची घ्यायची, ती सांगेल त्या किमतीला. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं बोरस्ते साहेब सगळ्यांना ऐकवत होते. ही गाय धर्माची नव्हतीच. तिचं दूध त्यांच्या घरी जाणार होतं आणि चारा आमच्या नातवंडांनी घालायचा होता. पण चाचणी पार पडली की साहेबांना प्रशिक्षणासाठी सहा आठवडे परदेशी जायचं होतं. त्यांनी त्या वर्षी दोन सूट शिवून घेतले आणि ऑफिसात घालून दाखवले.

यंत्रं दिसायला देखणी होती. जुन्या सेटवर खरखर असायची, पण त्या खरखरीत माणूस असायचा. नव्यावर एक तर आवाज घंटेसारखा स्वच्छ, नाहीतर काहीच नाही. कुंभदरीहून काहीच येईना. डोंगर आडवा होता. सावळीरामलाही मंगळू ऐकू येईना, म्हणून चाचणीपर्यंत हजेरी जुन्याच सेटवर चालली.

याची सोय करारात होती. त्याचा मराठी गोषवारा मीच लिहिला होता, वळणदार अक्षरात. चाचणीत एखादं ठाणं बोललं नाही तर कंपनीनं पदरमोड करून तिथं मनोरा उभारून द्यायचा, मगच काम पूर्ण झाल्याचा दाखला. म्हणजे चाचणीच्या दिवशी कुंभदरी गप्प राहण्यातच कुंभदरीचं भलं होतं. कुणी काही करायची गरजच नव्हती.

सावळीरामला हे कुणी सांगितलं नाही. मीही नाही. मला वाटलं, जे ऐकूच येत नाही ते तो उचलेल कशाला.

दोन हजार सालच्या जानेवारीत चाचणी झाली. कंपनीचे दोन इंजिनिअर, त्यांचा दुभाषा, मुंबईचे बडे अधिकारी, सगळे माझ्या टेबलाभोवती. टेबलावर चिवड्याच्या बश्या. चाचणीचा तक्ता लिहायला अर्थातच मी. मी नावं घेत गेले, उत्तरं येत गेली, पडद्यावर बोलणाऱ्या ठाण्याचा आकडा उमटत गेला. घाटमाथा नऊ. कुंभदरी अकरा.

मी म्हटलं, "कुंभदरी."

मी मनात आकडे मोजत होते. पाच, सहा, सात. इतक्यात घंटेसारखा स्वच्छ आवाज आला, "कुंभदरी हजर, सर्व ठीक."

सावळीराम. पडद्यावर नऊचा आकडा लखलखत होता.

मी मान वर केली. बोरस्ते साहेबांनी तो आकडा पाहिला होता. त्यांनी चिवड्याची बशी उचलली आणि पाहुण्यांच्या पुढ्यात धरली, अशी की ते आणि पडदा यांच्यामध्ये साहेबांचा नवा सूट आला. "घ्या ना, आमच्या नाशिकची खासियत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहा, छायाबाई."

मी बोलले असते तर मनोरा मिळाला असता. सावळीरामची नोकरी गेली असती, त्याच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती. माझीही बदली झाली असती. असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं. खरं म्हणजे एवढ्या मोठ्या लोकांत मला तोंड उघडायची हिंमत झाली नाही. मी लिहिलं. दुभाष्यानं माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

पाहुणे गेल्यावर मी सावळीरामला विचारलं. तो म्हणाला, "सवयीनं निघून गेलं बाई तोंडातून. वाटलं, मंगळ्याचा दिवस बुडंल. आता म्हातारपणी मला खोटं पाडू नका."

मी त्याला खोटं पाडलं नाही. रोज आठला मी कुंभदरी म्हणायचे, तो हजर म्हणायचा, मी लिहायचे. कर्जाची आणखी एक अट होती, जुनी यंत्रणा मोडीत काढल्याशिवाय शेवटचा हप्ता सुटणार नव्हता. फेब्रुवारीत ट्रक फिरला आणि मंगळूचा खरखरणारा सेट भंगारात आला. बोरस्ते साहेब विमानात बसले.

सप्टेंबरात एका सकाळी मंगळू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. चाळिशीचा, काटकुळा, खाकी शर्ट धुऊन विरलेला. काखेत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं नवं यंत्र. ते त्यानं जपून टेबलावर ठेवलं.

"बाई, हे तपासा. ह्यात कायतरी बिघाड हाय. तुमचं मला कधी ऐकू येत नाय, पन माझं तुमाला जातं."

"जातं, हे कशावरून?" मी विचारलं.

"पगार येतो ना. हजेरी लागल्याबिगर पगार कसा येईल?" तो समजूत घातल्यासारखा बोलत होता. "इंजिनेर बोलला होता, दांडी दाबली का हिरवा दिवा लागतो, म्हंजे बोलनं गेलं. अकरा ऑगस्टला भागी अडली. माझी बायको. मी सकाळी सातपासून बोलत होतो, जीप धाडा. दिवा लागत होता. लोकं म्हनत होती, डोली करू, उचलून नेऊ. मी बोललो, थांबा, निरोप गेलाय, जीप येईल. दुपारपोत वाट पायली. मंग डोली केली. आंब्याच्या खिंडीत भागी गेली. पोरगंबी गेलं." त्यानं यंत्रावरचा प्लॅस्टिकचा कागद सारखा केला. "जीप का नाय आली, तेवढं इचाराया आलो."

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले. सगळी ठाणी वाट बघत होती. मी माइक ओढला. का ओढला, ते आजही मला सांगता येत नाही, हाताला तेवढंच येत होतं. एकेक नाव घेत गेले. दहावं झालं. अकरावं घ्यायचं नाही असं ठरवेपर्यंत तोंडातून गेलंही होतं.

"कुंभदरी हजर, सर्व ठीक."

मंगळूनं आधी स्पीकरकडे पाहिलं, मग टेबलावरच्या आपल्या यंत्राकडे, मग माझ्याकडे. सावळीरामचा आवाज तो वीस वर्षं ओळखत होता.

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, "त्या दिवशीबी हाच बोलला का?"

मी हजेरीची वही उघडली, ऑगस्टचं पान काढलं आणि वही त्याच्यापुढे सरकवली. त्याला वाचता येत होतं. तो बोट ठेवून ओळी उतरत गेला आणि एका ओळीवर थांबला. अकरा ऑगस्ट. कुंभदरी हजर, सर्व ठीक. प्रत्येक अक्षर सुटं, वळणदार, माझं.