कीबोर्डच्या तळाची पट्टी

ऋतिका दापोड्याच्या एका गोदामात मालाची चलनं टाइप करायची. ऑफिसात आठ जण. मॅनेजरने गेल्या वर्षी आठही जणांना नवे मेकॅनिकल कीबोर्ड दिले होते. त्यांची टकटक इतकी, की फोनवरचं ऐकू यायचं नाही. तो आवाज कमी करायला शिकावं म्हणून ती रविवारी दुपारी नारपोलीला चंद्राताईकडे जाऊ लागली. चंद्राताई घरीच कीबोर्ड दुरुस्त करायची, हवे तसे बदलूनही द्यायची.

पहिले दोन रविवार जुन्या कीबोर्डवर हात बसवण्यात गेले. बटणं उपसायची, खालचे स्विच काढायचे, बारीक ब्रशने आत ग्रीस लावायचं.

"जास्त लावू नको. बटन चिकटून बसंल," चंद्राताई बजावायची.

तिसऱ्या रविवारी ऋतिकाने ऑफिसचा कीबोर्डच आणला. तळाशी फोम घालायचा होता. स्क्रू निघाले, झाकण उचललं आणि चंद्राताईचा हात थांबला. कोपऱ्यात नखाएवढी हिरवी पट्टी चिकटवलेली होती. तिच्या तारा केबलला जोडलेल्या.

"ही कंपनीची न्हाय. कोनीतरी मागनं बसवलीय."

"कशाला?"

"तू टाइप करतेस ते सगलं टिपून वायफायवर धाडते. एका दुकानदाराच्या कीबोर्डात गावली होती मला."

ऋतिकाला दिपिकाचा अर्ज आठवला. गोदामाच्या मागच्या दाराला शिफ्टभर बाहेरून कुलूप असायचं आणि आत चाळीस बायका काम करायच्या. पॅकिंगमधल्या दिपिकासाठी ऋतिकाने त्या कुलपाबद्दल अग्निशमन दलाला अर्ज टाइप केला होता. तो पाठवण्याआधीच, दुसऱ्या सकाळी, दिपिकाला कामावरून काढलं. ऋतिकानेच चहाडी केली असं समजून दिपिकाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजर होता.

"ऋतिका, टेबलावर कीबोर्ड दिसत नाही तुझा." आवाज गोड होता. "घरी नेलास? उद्या आण हं. उघडू नकोस मात्र."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने सगळ्यांसमोर शेजारच्या देवेशचा कीबोर्ड उलटा केला आणि उघडला. तशीच पट्टी. ती काय करते ते तिने सांगितलं. कुणी डबा उघडला नाही. मग प्रत्येकाने आपापला पुढे केला. सगळ्यांत निघाली.

"काय चाललंय?" मॅनेजर दारात उभा होता. त्याने आत येऊन दार लावून घेतलं.

"अर्ज लिहितोय, साहेब," देवेश म्हणाला. कागद त्याने समोर ओढला होता.

अग्निशमन दलाला हाताने लिहिलेल्या त्या अर्जावर आठ सह्या झाल्या. संध्याकाळी ऋतिकाने दिपिकाला पट्टी दाखवली. दिपिका बराच वेळ रडली, मग तिने नववी सही केली. गुरुवारी दलाचे लोक आले आणि कुलूप निघालं.

शुक्रवारी मॅनेजर ऋतिकाच्या टेबलाशी थांबला.

"निजामपुऱ्यात कुठल्या गल्लीत राहतेस गं तू?"

तो गेल्यावर तिने ते देवेशला सांगितलं. त्या दिवसापासून देवेश आणि बाकीचे तिला रिक्षात बसवूनच निघतात. रिक्षा सुटली, की ती मागच्या काचेतून बघत राहते.